निळ्या रंगासाठी तांब्याचं कोणतं संयुग? ज्योतीवर ताडून केलेली निवड

आतषबाजीत लाल, हिरवा, पिवळा हे रंग आभाळात भडक उमटतात आणि निळ्याची पाळी आली की बहुतेक वेळा फिकट, राखाडी, पांढुरका ठिपका दिसून विझतो. खराखुरा गडद निळा दिसला तर तो ज्यानं साधला त्याला मनापासून दाद द्यावी, कारण दारूकामातला हा सगळ्यात अवघड रंग आहे. या निळ्यामागे जवळजवळ नेहमी तांबं असतं. पण तांब्याची संयुगं डझनभर आहेत, आणि त्यातलं कोणतं चांगलं या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर चालत नाही.

ते उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी कसं शोधायचं, हे या लेखात पायरीपायरीनं सांगितलं आहे. त्यासाठी प्रयोगशाळेतला एक बर्नर, एक तार आणि चिमूटभर क्षार पुरतात. शोभेच्या दारूचं मिश्रण यात कुठेही बनवायचं नाही, आणि मी त्याची प्रमाणंही दिलेली नाहीत. ऑक्सिजन पुरवणारा क्षार आणि जळणारी भुकटी एकत्र आली की तो पदार्थ घासण्यानं, ठिणगीनं, कधी नुसत्या ओलाव्यानंही पेटतो. ते काम परवाना, प्रशिक्षण आणि त्यासाठी बांधलेली जागा असलेल्यांचं आहे. रंगाचं रसायनशास्त्र मात्र साध्या ज्योतीवर पूर्ण समजतं, आणि ते समजलं की आभाळातला निळा पाहण्याची नजरच बदलते.

आधी हे पक्कं करा: निळा येतो कुठून

मोरचूद निळाशार असतो, म्हणून त्याची ज्योतही निळी असेल असं पुष्कळांना वाटतं. नुसता मोरचूद ज्योतीत धरा, हिरवी ज्योत मिळेल. उलट क्युप्रिक ऑक्साइड, म्हणजे तांबं आणि ऑक्सिजन यांचं संयुग, कोळशासारखं काळं असतं, आणि त्याच्यापासून सुंदर निळी ज्योत काढता येते. भुकटीच्या रंगाचा आणि ज्योतीच्या रंगाचा काही संबंध नाही. भुकटी ज्योतीत गेली की तिचे तुकडे होतात, ते वायुरूपात जातात, आणि त्या वायूत क्षणभर जे रेणू जुळतात ते प्रकाश देतात.

तांब्याच्या बाबतीत असे तीन रेणू महत्त्वाचे. तांब्याचा एक अणू आणि क्लोरीनचा एक अणू मिळून क्युप्रस क्लोराइडचा रेणू होतो. त्याचे प्रकाशपट्टे मुख्यतः ४२० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या दरम्यान पडतात, आणि हाच आपला निळा. तांब्याला क्लोरीनऐवजी ऑक्सिजन आणि हायड्रोजन भेटले तर हायड्रॉक्साइडचा रेणू तयार होतो. तो ५३५ ते ५५५ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा चमकतो. आणि नुसता ऑक्सिजन मिळाला तर ऑक्साइडचा रेणू ६०० नॅनोमीटरच्या पुढे तांबूस-नारिंगी प्रकाश देतो. निळ्या ताऱ्याच्या, म्हणजे आतषबाजीतल्या जळत्या गोळीच्या, ज्योतीचं टोक कधीकधी लालसर दिसतं ते याचमुळे: टोकापर्यंत पोचेतो क्लोरीन विरळ झालेला असतो आणि ऑक्सिजननं डाव जिंकलेला असतो.

क्युप्रस क्लोराइडचा हा रेणू नाजूक आहे. साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या वर तो टिकेनासा होतो, असा दारूकामातला जुना ठोकताळा आहे. तापमान वाढवलं तर प्रकाश वाढतो पण निळा देणारा रेणूच फुटतो, आणि तापमान उतरवलं तर रेणू टिकतो पण उजेड मंदावतो. लाल किंवा हिरव्या रंगात मॅग्नेशियमसारखा धातू घालून झगझगीतपणा आणता येतो. निळ्यात तीच युक्ती वापरली की रंग धुऊन निघतो.

त्यात भर आपल्या डोळ्याची. उजेडात डोळा सर्वात तीक्ष्ण असतो तो ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पिवळट हिरव्याला. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याची संवेदनशीलता त्या कमाल मूल्याच्या अवघी ४ टक्क्यांच्या आसपास उरते. सोडियमचा पिवळा ५८९ नॅनोमीटरला पडतो आणि तिथे ती पाऊणपट असते. याचा अर्थ, ज्योतीतून तेवढ्याच ऊर्जेचा पिवळा आणि निळा बाहेर पडला तर पिवळा सुमारे वीसपट उजळ दिसेल. म्हणूनच मिठाचा एक कण अख्खा निळा गिळून टाकतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी स्वच्छतेबद्दल चिकाटीनं बोलणार आहे, त्याचं कारण हे आहे.

उमेदवार संयुगं, आणि त्यांच्याकडे कसं बघायचं

प्रत्येक संयुगाला तीन प्रश्न विचारा. यात तांबं किती? यात स्वतःचा क्लोरीन आहे का? आणि तांबं सोडून यात जे आहे ते ज्योतीचं काय करेल?

क्युप्रिक ऑक्साइडपासून सुरुवात करू. तांब्याचा अणुभार ६३.५, ऑक्सिजनचा १६, म्हणजे ६३.५ भागिले ७९.५. जवळजवळ ८० टक्के तांबं. ओलावा धरत नाही, वर्षानुवर्षं बाटलीत तसंच राहतं. तोटा इतकाच की ते जड आणि आळशी आहे. ज्योतीत सहज वायुरूप होत नाही, आणि क्लोरीन बाहेरून द्यावाच लागतो.

बेसिक कॉपर कार्बोनेट म्हणजे मॅलाकाइट खनिजाचंच प्रयोगशाळेतलं रूप, फिकट हिरवी मऊ भुकटी. तांबं ५७ टक्क्यांच्या वर. तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडून त्याचं काळं ऑक्साइड होतं, पण हे ताजं ऑक्साइड इतकं बारीक असतं की विकतच्या ऑक्साइडपेक्षा चपळाईनं क्लोरीनशी जुळतं. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ ज्योत थोडी थंड करतात. लाल-हिरव्यासाठी हा दोष ठरला असता, निळ्यासाठी तो बऱ्याचदा गुण ठरतो. मला स्वतःला हे संयुग सर्वात आवडतं.

कॉपर ऑक्सिक्लोराइड बागकाम करणाऱ्यांना बुरशीनाशक म्हणून माहीत असेल. तांबं सुमारे ५९ टक्के, आणि पदरचा क्लोरीन सुमारे १७ टक्के. ऐकायला आदर्श वाटतं, पण हिशेब करून बघा: यात तांब्याच्या दोन अणूंमागे क्लोरीनचा एकच अणू आहे. आपल्याला हवा एकास एक, आणि ज्योतीत क्लोरीन वाया जातो म्हणून त्याहून जास्तच. म्हणजे हे संयुग अर्धी शिदोरी घेऊन येतं, उरलेली आपण द्यायची. बुरशीनाशकाची पुडी मात्र वापरू नका. त्यात तांब्याचं प्रमाण बहुधा ५० टक्क्यांवर बेतलेलं असतं आणि बाकी भरणा, ओलेपणा देणारे पदार्थ वगैरे असतात. त्यातलं सोडियम निरीक्षण बिघडवतं.

क्युप्रिक क्लोराइड निळसर हिरव्या स्फटिकांत मिळतं. तांबं ३७ टक्के, आणि तांब्याच्या प्रत्येक अणूमागे क्लोरीनचे दोन. तारेवर लावून पाहायला याच्यासारखं दुसरं नाही, पहिल्याच झटक्यात निळा देतं. पण दमट हवेत बाटलीच्या तळाशी चिखल होतो, आणि त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं. ज्योतपरीक्षेचा हा राजा दारूकामात का चालत नाही, ते पुढे येईलच.

क्युप्रस क्लोराइडमध्ये तांबं ६४ टक्के आणि प्रमाण बरोबर एकास एक. कागदावर परिपूर्ण. बाटली उघडली की हवेतला ऑक्सिजन आणि ओलावा लागून पांढरी भुकटी हिरवट पडायला लागते, आणि महिन्याभरानं आपण नक्की काय तोलतोय हेच कळत नाही.

मोरचूद, म्हणजे पाच पाण्यांचं कॉपर सल्फेट, सर्वात सहज मिळतं आणि सर्वात फसवं. तांबं जेमतेम २५ टक्के, आणि वजनातलं ३६ टक्के तर पाणीच. एक ग्रॅम ऑक्साइडमध्ये जेवढं तांबं, तेवढ्यासाठी मोरचूद तीन ग्रॅमच्या वर लागतो. नुसत्या ज्योतीत तो हिरवा देतो, हे वर आलंच.

पॅरिस ग्रीनचा उल्लेख इतिहास म्हणून करतो. हे तांबं आणि आर्सेनिक यांचं संयुग १८१४ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट इथे रंगद्रव्य म्हणून तयार झालं, आणि पुढे दारूकामात निळ्यासाठी त्याची फार वाखाणणी झाली. त्याचा धूर म्हणजे आर्सेनिकचा धूर. कुठे जुनी बाटली सापडली तर उघडूही नका.

पायरी १: जागा आणि सामान

हवेशीर प्रयोगशाळा हवी, शक्यतो धूर ओढून घेणारं कपाट असलेली. खोली अंधारी करता आली पाहिजे. मिट्ट काळोख नको, पण खिडकीचा उजेड थेट ज्योतीमागे येता कामा नये. ज्योतीमागे काळा पुठ्ठा उभा करा. पांढऱ्या भिंतीसमोर निळा रंग पाहणं म्हणजे दुपारी चांदण्या शोधणं.

सामान असं: बुन्सेन बर्नर, निक्रोमची तार (टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं कडं वळवलेली), काही लहान काचबश्या, ऊर्ध्वपातित पाणी, हायड्रोक्लोरिक आम्ल, थोडा नवसागर (अमोनियम क्लोराइड), आणि वर सांगितलेली संयुगं (पॅरिस ग्रीन सोडून), प्रत्येक फक्त चिमूटभर. चष्मा आणि हातमोजे घालायचेच. संहत आम्ल तेवढ्याच पाण्यात मिसळून सौम्य करा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

तांब्याची तार चालणार नाही. ती स्वतःच ज्योत रंगवते, आणि मग रंग क्षाराचा की तारेचा, हे सांगता येत नाही.

मिथेनॉलमध्ये क्षार घालून बश्या पेटवण्याचा प्रयोग कुणी सुचवला तर स्पष्ट नकार द्या. त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. विझली असं समजून बाटलीतून पुन्हा ओतायला गेलं की ज्योत बाटलीत शिरते. वर्गात मुलं गंभीर भाजल्याच्या घटनांनंतर अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळानं २०१४ साली याबद्दल इशारा दिला होता. तार किंवा क्षाराच्या पाण्यात भिजवलेली लाकडी पट्टी तेच रंग दाखवते, आणि तिथे पेटणारा द्रवच नसतो.

पायरी २: कोरी ज्योत ओळखा

बर्नरची हवा पूर्ण उघडी ठेवली की आतला शंकू स्वतःच निळा-हिरवा दिसतो. हा निळा तांब्याचा नव्हे. इंधनातल्या कार्बनचे अर्धवट जळालेले तुकडे ४३१ आणि ५१६ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशतात, त्याचा हा रंग. नवशिके याच निळ्याला यश समजतात. म्हणून काहीही न लावता दोन मिनिटं नुसती ज्योत बघा, आतल्या शंकूची उंची आणि छटा वहीत लिहून ठेवा. पुढे सगळी निरीक्षणं शंकूच्या वरच्या, जवळपास बिनरंगी भागात करायची.

हवा अजिबात बंद करू नका. पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीत तापलेली काजळी इतकी प्रकाशते की तांब्याचा रंग दिसणारच नाही.

पायरी ३: तार धुण्यात घाई नको

तारेचं कडं आम्लात बुडवा, ज्योतीत लाल होईतो धरा, पुन्हा बुडवा, पुन्हा धरा. पिवळा झपका पूर्ण नाहीसा होईपर्यंत हे चालू ठेवायचं. पाच-सहा वेळा लागतं, कधी दहा.

एकदा माझ्याकडच्या एका गटाला सगळीच संयुगं पिवळी दिसत होती. बाटल्या बदलल्या, आम्ल बदललं, काही उपयोग नाही. मग लक्षात आलं की दरवेळी तार धुतल्यावर एक मुलगी कडं नीट गोल व्हावं म्हणून बोटांनी दाबत होती. बोटाच्या घामातलं मीठ तेवढं पुरलं. तेव्हापासून कडं वळवायचं ते धुण्याआधी, चिमट्यानं, आणि नंतर त्याला हात लावायचा नाही हा नियम केला.

प्रत्येक संयुगाला वेगळी तार ठेवता आली तर सर्वात उत्तम. मूठ धरायच्या बाजूला चिकटपट्टी लावून नाव लिहा.

पायरी ४: काळं ऑक्साइड, आधी नुसतं, मग क्लोरीनसह

सगळ्या लेखातून एकच प्रयोग करायचा असेल तर हा करा.

कडं पाण्यात ओलं करून काळ्या ऑक्साइडच्या दोन-चार कणांना टेकवा आणि ज्योतीच्या कडेला न्या. सुरुवातीला काहीच होत नाही. कण तापून मंद लाल होतात, आणि त्यांच्या वर हिरव्याचा जेमतेम भास होतो, तोही बघणाऱ्यानं मन लावून बघितला तर. दहा सेकंद थांबा. हा आपला शून्य बिंदू.

आता तार बाहेर काढा, गार होऊ द्या, आणि तेच कण आम्लाच्या एका थेंबाला टेकवा. पुन्हा ज्योतीत. थेंब चरचरतो आणि त्या काळ्या ठिपक्यातून एकदम स्वच्छ निळी जीभ उसळते. अगदी तारेलगत ती जांभळ्याकडे झुकलेली निळी असते, बोटाच्या पेराएवढ्या उंचीवर निळी-हिरवी होते, आणि त्याच्याही वर, कडेकडेनं, पाचूसारखी हिरवी. चार-पाच सेकंदांत निळा खालून आक्रसत जातो, हिरवा तारेपर्यंत उतरतो, मग तोही विझतो आणि पुन्हा तो काळा कण तसाच लाल होऊन बसलेला असतो.

या पाच सेकंदांत सगळं आहे. तांबं तेच होतं, तार तीच, ज्योत तीच. क्लोरीन होता तोवर निळा होता. तारेजवळ तो दाट होता म्हणून तिथे गडद, वर जाताना हवा मिसळून विरळ झाला म्हणून तिथे हायड्रॉक्साइडचा हिरवा. क्लोरीन संपला तसा निळाही संपला. तांब्याचं संयुग निवडताना आपण खरं तर क्लोरीनची सोबत निवडत असतो, हे ज्यानं ही ज्योत पाहिली त्याला समजावून सांगावं लागत नाही.

हा प्रयोग तीनदा करा, आणि दरवेळी निळा किती सेकंद टिकला ते घड्याळावर मोजा.

पायरी ५: बाकीची संयुगं, त्याच क्रमानं

आता प्रत्येक संयुग आधी नुसतं आणि मग आम्लासह. वहीत चार रकाने पुरेत: नुसत्या ज्योतीचा रंग, क्लोरीन दिल्यावरचा रंग, निळा टिकला ते सेकंद, आणि तारेवर मागे काय उरलं. शेवटचा रकाना विसरू नका. दारूकामात राख आणि कचरा हेही निवडीचे निकष असतात.

बेसिक कार्बोनेट नुसतं असताना हिरवं दिसेल, ऑक्साइडपेक्षा उठून. तापताना ते फुगून उडतं, म्हणून थेट ज्योतीत न खुपसता कडेनं हळू आत न्या. आम्लाला टेकवल्यावर ते बुडबुडे काढत विरघळतं, आणि मग येणारा निळा भरगच्च आणि एकसारखा असतो.

ऑक्सिक्लोराइड नुसत्यानंच निळ्याची चुणूक दाखवतं, पण लगेच हिरव्याकडे वळतं. अर्ध्या शिदोरीचा हिशेब इथे डोळ्यांना दिसतो. क्युप्रिक क्लोराइड पहिल्या क्षणाला सर्वात गडद. मोरचूद आधी पांढरा पडतो, कारण पाणी निघून जातं, मग काळपट, आणि ज्योत हिरवी. आम्ल दिलं की तोही निळा देतो.

पायरीच्या अखेरीस एक गोष्ट जाणवेल: पुरेसा क्लोरीन मिळाला की जवळजवळ सगळीच संयुगं सारख्याच निळ्यावर येतात. फरक उरतो तो किती पटकन, किती वेळ, आणि सोबत काय कचरा घेऊन.

पायरी ६: क्लोरीन कुठून द्यायचा

आम्ल ज्योतीत पटकन उडून जातं. आता नवसागराचं दाट द्रावण करून पाहा. तारेवरचा ऑक्साइडचा कण त्यात भिजवून धरला की निळा जास्त वेळ टिकतो, कारण नवसागर हळूहळू वायुरूप होत क्लोरीन पुरवतो. वासासाठी नाक जवळ नेऊ नका.

साधं मीठ मुद्दाम एकदा वापरून बघा. त्यातही क्लोरीन भरपूर आहे, तरी ज्योत नुसती पिवळीधमक होईल. क्लोरीन कुणासोबत येतो हे किती महत्त्वाचं आहे, ते या एका निरीक्षणात कळतं.

प्लास्टिकमधला क्लोरीन तपासण्याची जुनी परीक्षा याच तत्त्वावर चालते. फ्रीडरिक बाइलस्टाइन यांनी १८७२ साली ती मांडली: तापलेल्या तांब्याच्या तारेला पदार्थाचा कण लावून ज्योतीत धरायचा, हिरवी-निळी ज्योत आली तर क्लोरीन, ब्रोमीन किंवा आयोडीन आहे. पीव्हीसीचा कण लावला तर हाच रंग येतो. मात्र त्यात विषारी वायू निघतात, थोडे डायॉक्सिन, म्हणजे क्लोरीनची फार विषारी सेंद्रिय संयुगं, हेही होऊ शकतात. म्हणून करायची तर धूर ओढणाऱ्या कपाटातच, आणि तांदळाच्या कणीएवढ्या तुकड्यावर एकदाच.

पायरी ७: डोळ्यावर विसंबू नका

हिरवट निळा आणि निळसर हिरवा यात माणसामाणसांचं एकमत होत नाही. जुनी डीव्हीडी, काळा पुठ्ठा आणि दोन ब्लेडच्या पात्यांमधली बारीक फट यांचा वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फाकवून दाखवणारं साधन, करा. डीव्हीडीवरच्या रेघांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर असतं, सीडीवरच्या १.६ मायक्रोमीटर. म्हणून डीव्हीडी रंग जास्त फाकवते. क्युप्रिक क्लोराइडच्या ज्योतीकडे त्यातून पाहिलं की निळ्या-जांभळ्या भागात पट्ट्यांचा समूह दिसतो, आणि क्लोरीन संपत आला की तो मावळून हिरव्यातला रुंद पट्टा वर येतो. ५८९ची पिवळी रेघ जवळपास नेहमीच दिसेल, तिचा उपयोग मापाची खूण म्हणून करा.

कोबाल्टची निळी काच इथे वापरू नका. पोटॅशियमची जांभळी छटा शोधताना ती सोडियमचा पिवळा अडवते, हे खरं. पण तिच्यातून पाहिलं की सगळंच निळं दिसतं, आणि आपला शोधच निळ्याचा आहे. काचकाम करणारे कारागीर वापरतात तो डिडिमियमचा चष्मा मिळाला तर तो घ्या. तो ५८९च्या आसपासचा पिवळा तेवढा गाळतो.

मोबाइलनं फोटो काढताना स्वयंचलित रंगसंतुलन बंद करा आणि उजेड मुद्दाम कमी ठेवा. नाहीतर कॅमेरा निळी ज्योत पांढरी करून दाखवेल आणि दोन संयुगांची तुलना निरर्थक होईल.

तारेवरचा निकाल आणि दारूकामातली निवड

तारेवर क्युप्रिक क्लोराइड पहिलं येतं, तरी आतषबाजीत निवड होते ती बहुधा ऑक्साइड, बेसिक कार्बोनेट किंवा ऑक्सिक्लोराइडची. कारण तिथे संयुगाला एकट्यानं राहायचं नसतं. त्याला ऑक्सिजन देणाऱ्या क्षाराशेजारी, इंधनाशेजारी, महिनोन्‌महिने स्वस्थ पडून राहावं लागतं.

ओलावा धरणारं संयुग इथेच बाद होतं. आम्लधर्मी तर त्याहून आधी. मोरचूद आणि क्लोरेट (ऑक्सिजन देणारा एक क्षार) हे शेजारी जुन्या दारूकामानं अपघातांतून ओळखले आहेत: ओलाव्यात त्यांच्यातून अस्थिर कॉपर क्लोरेट तयार होऊ शकतं आणि मिश्रण आपोआप पेटू शकतं. ओला मोरचूद मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमच्या भुकटीलाही तापवतो. आपण पायरी ६ मध्ये वापरलेला नवसागर बर्नरवर निरुपद्रवी आहे, पण अमोनियमचा कोणताही क्षार क्लोरेटजवळ आला की अमोनियम क्लोरेट होण्याचा धोका असतो, आणि ते स्वतःहून फुटतं. म्हणूनच ‘ज्योतीत छान चाललं, आता मिसळून बघू’ हा विचार जीवघेणा आहे. ज्योतपरीक्षा रंगाबद्दल खरं सांगते, शेजाराबद्दल काहीच सांगत नाही.

क्लोरीन देणाऱ्या पदार्थांची कथाही अशीच. पूर्वी यासाठी कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं क्लोराइड, वापरत. पाऱ्याचा धूर नको म्हणून ते गेलं. त्याच कामाचं हेक्झाक्लोरोबेंझीन स्टॉकहोम करारानं, म्हणजे टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय करारानं, बंदीच्या यादीत टाकलं. आता पीव्हीसी आणि क्लोरीनयुक्त रबर हे नेहमीचे पुरवठादार आहेत. तांबं आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय पदार्थ एकत्र जळताना डायॉक्सिन होण्याची शक्यता असल्यानं क्लोरीनशिवायचा निळाही शोधला जातो. २०१४ साली क्लापोट्के, रुसान आणि साबातिनी यांनी क्युप्रस आयोडाइडपासून निळा प्रकाश मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. क्लोरीनच्या जागी आयोडीन, बाकी तत्त्व तेच: तांबं आणि त्याचा एक सोबती.

माझ्या वहीत बेसिक कार्बोनेटच्या ओळीखाली रेघ आहे. तारेवर ते पहिलं आलं नाही, पण त्यात पाण्याची हाव नाही, आम्ल नाही, ज्योत फार तापवत नाही, आणि क्लोरीन मिळाला की निळा एकसारखा देतं. ऑक्सिक्लोराइड त्याच्या अगदी मागोमाग. ऑक्साइड टिकाऊपणात दोघांच्या पुढे, चपळाईत मागे.

पायरी ८: आवराआवर

तांब्याचं द्रावण मोरीत ओतू नका. माशांना आणि शेवाळाला तांबं फार थोड्या प्रमाणातही मारक असतं. सगळी उरलेली द्रावणं आणि काचबश्या धुतलेलं पहिलं पाणी एका मोठ्या चंचुपात्रात जमवा. त्यात धुण्याच्या सोड्याचं द्रावण थोडं थोडं घाला. आम्ल शिल्लक असेल तोवर फेस येईल, म्हणून पात्र अर्धंच भरलेलं हवं. फेस थांबला की निळसर हिरवा साका खाली बसू लागतो. तो रात्रभर निवळू द्या, गाळा, सुकवा, आणि नाव-तारीख लिहिलेल्या बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

सुकलेला साका बघाल तर तो फिकट हिरवा, मऊ, ओळखीचा वाटेल. सगळ्या बाटल्यांतलं तांबं शेवटी बेसिक कार्बोनेट होऊनच परत आलेलं असतं.